डाळिंब, विद्यापीठ आणि मार्चअखेर

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात डाळिंबाचा ढीग गाळ्यावर पडला की आडत्या त्यातले एक फळ उचलतो, सुरीने उभे चिरतो आणि दाणे खरेदीदारापुढे धरतो. खरेदीदार रंग पाहतो, चार दाणे तोंडात टाकतो आणि बी दाताखाली कितपत लागते ते पाहतो. एवढ्या परीक्षेवर ट्रकभर मालाचा भाव ठरतो. दाणा लालबुंद हवा आणि बी मऊ हवी. हे दोन गुण आज आपण इतके गृहीत धरतो, की डाळिंब मुळात असेच असते अशी मुलांची समजूत झाली तर नवल नाही. प्रत्यक्षात हे दोन गुण एका फळात आणायला एका सरकारी संशोधन केंद्रापासून एका सरकारी विद्यापीठापर्यंतचा जवळजवळ सत्तर वर्षांचा प्रवास झाला आहे.

विक्री झाली की शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. तीत वजन असते, भाव असतो, हमाली, तोलाई, गाडीभाडे असते. पूर्वी आडतही असे. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला. बाजार समितीची फीदेखील खरेदीदारच भरतो. या व्यवहारात ज्याने ज्याने हात लावला त्याचा वाटा पट्टीवर किंवा समितीच्या वहीत कुठे ना कुठे नोंदलेला असतो. ज्या संस्थेने ते फळ घडवले तिची नोंद मात्र दोन्हींत नसते. तिच्या खर्चाची कथा वेगळ्या वहीत, राज्याच्या अर्थसंकल्पात, शोधावी लागते. शेतीचा तास घेणाऱ्या शिक्षकांना आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनाही ही कथा उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

सुरुवात गणेशखिंडीतून करू. पुणे विद्यापीठाच्या आवाराजवळ एक जुनी बाग आहे. १८७३ साली ती वनस्पती-उद्यान म्हणून सुरू झाली आणि पुढे फळसंशोधन केंद्र बनली. मुंबई प्रांताच्या शेती खात्यातील फळबागतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी तिथे द्राक्षे, आंबा, डाळिंब अशा अनेक फळांवर काम केले. १९३६ साली त्यांनी आळंदी भागात लावल्या जाणाऱ्या डाळिंबांतून एक झाड निवडले. आळंदीच्या डाळिंबाची बी कठीण असे. चीमांनी निवडलेल्या झाडाची बी मऊ होती, फळ गोड होते, झाड भरपूर लागत असे. दाण्याचा रंग मात्र फिकट गुलाबीच होता. या निवडीला बागेच्या नावावरून ‘जीबीजी-१’ असे कोरडे नाव मिळाले. १९७० साली तिचे ‘गणेश’ असे नामकरण झाले. नगर, सोलापूर, नाशिक या कोरड्या जिल्ह्यांत डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या त्या प्रामुख्याने या गणेशच्या जोरावर.

इथे ‘निवड’ या शब्दापाशी थोडे थांबू. चीमांनी काही निर्माण केले नाही, जे होते त्यातून वेचले. पण वेचण्यासाठी आधी शेकडो झाडे लावावी लागतात, त्यांची फळे वर्षानुवर्षे चाखावी, मोजावी, तोलावी लागतात, आणि ती नोंद ठेवणारा माणूस पुढच्या वर्षीही त्याच जागी असावा लागतो. माणूस बदलला तरी नोंदवही आणि झाड यांचा धागा तुटता कामा नये. फळझाडांच्या संशोधनात सर्वांत महाग वस्तू कोणती, तर ती उपकरणे नव्हेत, सातत्य आहे.

हे सातत्य पुण्यात आले कुठून? १८७९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, शेतीचे वर्ग सुरू झाले. १९०८ साली शिवाजीनगरला स्वतंत्र शेतकी कॉलेज झाले. त्याचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी केली. जमिनीचे किती तुकडे झाले आहेत, घरावर कर्ज किती आहे, उत्पन्न किती, हे सारे मोजले. १९१७ साली ते पुस्तकरूपाने आले आणि दुसरा भाग, जातेगाव बुद्रुकविषयीचा, १९२१ साली. तो त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्याबरोबर लिहिला. पिंपळे सौदागर येथे आज उंच इमारती आहेत. भूगोलाच्या तासाला शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गावाशी आजची तुलना करून पाहण्यासारखी आहे.

पुढे १९२६ ते १९२८ या काळात लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीविषयक शाही आयोग बसला. त्याच्या शिफारशीवरून १९२९ साली शेती संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. तीच आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद. त्यानंतर आपल्या भागात केंद्रांची रांगच लागलेली दिसते. १९३२ साली नीरा खोऱ्यात पाडेगावला उसाचे आणि निफाडला गव्हाचे, १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचे. मोहोळच्या केंद्रावर याच दशकात ज्वारीची ‘मालदांडी ३५-१’ ही निवड झाली. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात आजही ‘मालदांडी’ हा शब्द उच्चारला की ज्वारीचा भाव वर सरकतो.

या तारखांकडे पुन्हा एकदा पाहावे. १९२९ ते १९३३ म्हणजे जागतिक मंदीचा काळ. शेतमालाचे भाव कोसळले होते, सरकारी तिजोरीत खडखडाट होता आणि प्रत्येक खाते कात्री लावत होते. तरीही ही केंद्रे निघाली, कारण परिषदेकडे संशोधनासाठी बाजूला काढलेला पैसा होता. शिवाय १९३२ साली देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि उसाच्या संशोधनाला गिऱ्हाईक तयार झाले. ‘पैसा नव्हता म्हणून संशोधन झाले नाही’ हे विधान इतिहासात नेहमीच खरे ठरत नाही. पैसा कोणत्या खात्यावर ठेवला होता हेही विचारावे लागते.

त्याच सुमारास, १९३३ साली, धनंजयराव गाडगीळ आणि वि. रा. गाडगीळ यांनी पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली. गोखले अर्थशास्त्र संस्था नुकतीच, १९३० साली, निघाली होती. तिच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांपैकी हे एक. नव्या संशोधन संस्थेने कामाचा आरंभ फळबाजारापासून करावा, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. एकीकडे गणेशखिंडीत झाड तपासले जात होते आणि दुसरीकडे डेक्कनवर बसून त्या झाडाच्या फळाचा रुपया कुणाकुणाच्या हातांतून जातो ते तपासले जात होते.

तो बाजार तेव्हा मंडईत भरत असे. १८८६ साली बांधलेली ही मंडई गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. तिच्या इमारतीवर नगरपालिकेने मोठा खर्च केला, त्याला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका. त्याआधी १८८० साली, नगरपालिकेचे सभासद असताना, व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्यालाही त्यांनी विरोध केला होता, आणि कारण तेच दिले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेल्या निवेदनाचा गाभाही हाच. सरकारी महसूल येतो कष्टकरी रयतेकडून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या थरांकडे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. ज्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला ती मंडई आणि ज्या शिक्षणासाठी पैसा मागितला ते विद्यापीठ, दोन्हींवर एकच नाव!

मंडई शहराच्या पोटात अडकली आणि घाऊक व्यापाराला जागा पुरेना. पुणे बाजार समिती १९५७ साली स्थापन झाली होती. १९६३ साली राज्याचा शेतमाल खरेदी-विक्रीचा कायदा झाला. नाना पेठ, भवानी पेठेतील भुसार व्यापार आणि मंडईतला घाऊक भाजीपाला व फळे टप्प्याटप्प्याने, वादावादी होत होत, गुलटेकडीच्या माळावर आली. बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत पेठांतून इथे आली, आणि हमाली, तोलाईच्या दरांचे करार इथे झाले. राज्याचे कृषी पणन मंडळ १९८४ साली स्थापन झाले. त्याचेही कार्यालय याच आवारात आहे. या विषयावर स्वतंत्र लेख होईल. इथे एवढेच लक्षात घेऊ, की बाजाराने आपल्या खर्चाची सोय उलाढालीवरच्या फीतून केली. माल आला की फी येते. मार्चची वाट पाहावी लागत नाही.

विद्यापीठाचे तसे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर शेतीचे शिक्षण, संशोधन आणि विस्तारकार्य एकाच छत्राखाली आणावे असा विचार पुढे आला. नमुना होता अमेरिकेतील जमीन-अनुदान महाविद्यालयांचा. १९६० साली पंतनगरला या धर्तीवरचे देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्राचे कृषी विद्यापीठ मार्च १९६८ मध्ये स्थापन झाले. विदर्भात आधीपासून आंदोलन पेटले होते, म्हणून १९६९ साली अकोल्याला दुसरे झाले. १९७२ साली परभणी आणि दापोली येथे आणखी दोन झाली. पुण्याचे शेतकी कॉलेज, गणेशखिंड, पाडेगाव, निफाड, मोहोळ, सोलापूर ही सारी जुनी केंद्रे राहुरीच्या पदरात आली. म्हणजे विद्यापीठ नवे असले तरी झाडे आणि नोंदवह्या जुन्या होत्या.

अमेरिकन नमुन्यातली एक गोष्ट मात्र आपण उचलली नाही. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या दर लोकप्रतिनिधीमागे तीस हजार एकर जमीन दिली. ती विकून येणारी रक्कम कायम निधी म्हणून गुंतवायची आणि फक्त व्याज खर्चायचे, अशी अट होती. (ती जमीन मूळच्या रहिवासी जमातींकडून हिसकावलेली होती, हेही मुलांना सांगायला हवे. राहुरीच्या विद्यापीठासाठीही अनेक कुटुंबांच्या जमिनी गेल्या, आणि त्यांच्या वारसांच्या नोकरीचा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला.) आपण जमीन दिली ती प्रयोगांसाठी. निधी दिला नाही. पैसा दरवर्षीच्या अनुदानाने द्यायचा असे ठरले. सुबत्तेच्या काळात या फरकाकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

तरीही या विद्यापीठाने दिले ते थोडेथोडके नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात तयार झालेला ‘को ८६०३२’ हा वाण पाडेगावला पारखला गेला आणि १९९६ साली ‘नीरा’ नावाने महाराष्ट्रात आला. त्यानंतर क्षारपड जमिनीत टिकणारा ‘फुले २६५’ हा ऊस २००७ साली आला. हरभऱ्याचा ‘विजय’ हा वाण आला, नंतर ‘दिग्विजय’. अलीकडे यंत्राने काढता यावा असा उंच वाढणारा ‘फुले विक्रम’ आला. कांद्याचा ‘बसवंत ७८०’, गव्हाचे ‘त्र्यंबक’ आणि ‘नेत्रावती’, सीताफळाचा ‘फुले पुरंदर’. मार्केट यार्डात फेरी मारताना यांतले निम्मे तरी वाण पायाखाली येतात. फक्त त्यांची नावे पाटीवर नसतात.

डाळिंबाची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तीत मेंडेल आहे.

गणेशची बी मऊ पण दाणा फिकट. रशियाकडून आलेल्या ‘गुलेशाह रेड’ या जातीचा दाणा गडद लाल, पण बी कठीण आणि चव आंबट. दोघांचा संकर करायचा ठरला. डाळिंबाला दोन प्रकारची फुले येतात. सुरईच्या आकाराची फळ धरतात, घंटेच्या आकाराची झडून जातात. सुरईच्या आकाराची कळी उमलण्याआधी उघडून तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, पिशवी बांधायची आणि मग दुसऱ्या जातीचे पराग कुंचल्याने लावायचे. जे फळ धरेल त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे एक बी. ती पेरली की संकराची पहिली पिढी. हवे असलेले सारे गुण या पिढीत एकत्र दिसत नाहीत, कारण काही गुण झाकलेले राहतात. पहिल्या पिढीच्या झाडांचे स्वपरागीकरण करून मिळालेल्या बिया पेरायच्या, मग दुसऱ्या पिढीत गुणांची फाटाफूट होते, आणि लाखमोलाचे झाड असेल तर ते इथे असते.

आता फळ्यावर हे गणित मांडून पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, की मऊ बी, गोडी आणि रंग हे तीन गुण एकेका जनुकजोडीवर अवलंबून आहेत आणि हवे ते रूप प्रत्येक वेळी अप्रभावी आहे. (खऱ्या झाडात गुंतागुंत यापेक्षा पुष्कळ असते.) मग एका झाडात एक गुण हवा तसा येण्याची शक्यता चारांत एक. तिन्ही एकत्र येण्याची शक्यता चौसष्टांत एक. म्हणून चौसष्ट झाडे लावली की काम झाले, असे मुले लगेच म्हणतील. तसे नाही. चौसष्ट झाडे लावूनही एकही हवे तसे न मिळण्याची शक्यता शेकडा ३६ ते ३७ इतकी उरते. शंभरांत पंचाण्णव वेळा तरी एक झाड हमखास मिळावे, अशी इच्छा असेल तर १९१ झाडे लावावी लागतात. दोन झाडांत तीन मीटर आणि दोन ओळींत साडेचार मीटर अंतर धरले, तर एका झाडाला साडेतेरा चौरस मीटर लागतात. १९१ झाडांना साडेपंचवीस गुंठे. तेवढ्या जमिनीला ठिबकचे पाणी, छाटणी, फवारणी, राखण, आणि प्रत्येक झाडाच्या फळाची नोंद ठेवणारा माणूस लागतो.

वेळेचा हिशेब त्याहून कठीण आहे. पेरलेल्या बीला फळ धरायला तीन वर्षे लागतात. दोन पिढ्यांची सहा झाली. निवडलेल्या झाडाची गुटी कलमे बांधून वाढवणी, मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या बहारांत चाचण्या. मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार यांत एकच झाड वेगवेगळे वागते. मग समितीपुढे अहवाल. बारा-पंधरा वर्षे सहज जातात. या संकरातून १९९४ साली ‘मृदुला’ आली. बी मऊ, दाणा लाल. कुणी म्हणाले असते, झाले काम, आता ही झाडे काढा आणि जमीन मोकळी करा. तसे झाले नाही. ‘भगवा’ त्याच दोन आईबापांच्या संकरातून, मृदुलानंतर सुमारे दहा वर्षांनी, २००३-०४ मध्ये प्रसारित झाला. मोठे फळ, जाड साल म्हणून लांबच्या प्रवासाला टिकाऊ, आणि वर तो शेंदरी रंग. निर्यातीचे दार उघडले ते याने. बाजाराने त्याला ‘शेंदरी’, ‘अष्टगंधा’, ‘मस्तानी’ अशी निरनिराळी नावे दिली. २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही प्रामुख्याने या भगव्याच्या बळावर.

यातून विद्यापीठाला किती मिळाले? कलमे विकून जे मिळाले ते, आणि नाव. डाळिंबाची फांदी गुटीने मुळे धरते, त्यामुळे एकदा झाड शेतकऱ्याच्या बांधावर गेले की शेजारच्या दहा बांधांवर फुकट पोचते. यात वाईट काही नाही. सार्वजनिक पैशातून घडलेली वस्तू सार्वजनिकच असली पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. पुढच्या १९१ झाडांचे पाणी कोण भरणार?

राज्याचे अनुदान येते त्यातला मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतनात जातो. पाचवा, सहावा, सातवा, प्रत्येक वेतन आयोगानंतर हा वाटा वाढला, आणि तो देणे भागच आहे. शिल्लक राहते त्यात प्रयोगशेताची मजुरी, खते, वीज आणि दुरुस्ती बसवायची. मग बचतीचा सोपा मार्ग म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची जागा भरली जात नाही. चारही कृषी विद्यापीठांतील रिकाम्या जागांची चर्चा गेली अनेक वर्षे वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात होत आली आहे. एका माणसाकडे तीन योजना असल्या की वर्गातले शिकवणे कसेबसे चालते, कारण विद्यार्थी समोर बसलेले असतात. झाड तक्रार करत नाही, म्हणून कात्री झाडावर चालते.

दुसरा झरा दिल्लीचा. कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित योजनांत रुपयातले पंचाहत्तर पैसे परिषद देते आणि पंचवीस पैसे राज्य. व्यवस्था चांगली आहे. पण राज्याचे पंचवीस पैसे लांबले की बाकीच्या पंचाहत्तरांचे नियोजनही कोलमडते. तिसरा झरा मुदतीच्या प्रकल्पांचा. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी उच्चशिक्षण प्रकल्पात जागतिक बँक आणि परिषद यांचा निम्मा-निम्मा पैसा होता. त्यातून राहुरीला हवामान-अनुकूल शेती आणि पाणी व्यवस्थापनाचे आधुनिक केंद्र उभे राहिले. ड्रोन, संवेदक, संगणकीय सिंचन यांवर चांगले काम झाले आणि विद्यार्थी परदेशातील प्रयोगशाळा पाहून आले. पण असा प्रकल्प संपतो, तेव्हा यंत्र उरते आणि यंत्र चालवणारा कंत्राटी माणूस जातो. मुदतीच्या पैशातून यंत्रे घेता येतात. झाडे वाढवता येत नाहीत.

आणि तिन्ही झऱ्यांच्या मुळाशी मार्चअखेर आहे. अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपते. खर्च झाला नाही तर परत. नव्या वर्षाचा हप्ता हाती यायला उन्हाळा उलटतो. सोलापूर-नगरकडच्या प्रयोगशेतावर नेमके एप्रिल-मे हे पाण्याचे आणि राखणीचे महिने. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षानळ्या विकत घेतलेल्या शिक्षकांना यावर अधिक सांगायला नको.

मग पैसा कुठून आणावा? उदाहरणे दूर नाहीत. १९७५ साली राज्यातील साखर कारखान्यांनी एकत्र येऊन संशोधन संस्था काढली. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ती हीच. ती कारखान्यांच्या, गाळपाच्या टनामागे ठरलेल्या वर्गणीवर चालते. ऊस आला की संशोधनाचे पैसे येतात. ऑस्ट्रेलियाने १९८९ च्या कायद्याने पिकापिकाची संशोधन महामंडळे केली. शेतकरी विक्रीवर छोटी पट्टी देतो आणि सरकार, उत्पादनाच्या मूल्याच्या अर्ध्या टक्क्याच्या मर्यादेत, तेवढीच भर घालते. आणि खुद्द मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला होता. त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी होता. फुल्यांनी हंटर आयोगापुढे ज्या हिशेबाचा जाब विचारला, त्यात या पट्टीचाही हिशेब होता.

बाजार फीतला छोटासा अंश संशोधनाला द्यावा, ही सूचना यातून सहज सुचते. ती आम्हाला अर्धीच पटते. ऊस कारखान्यात येतो, तिथे मोजणे सोपे. डाळिंबाचा कितीतरी माल आता बागेतच तोलून थेट निर्यातदाराकडे जातो आणि यार्डात येतच नाही. शिवाय ज्या पिकाला बाजार मोठा त्याला संशोधन, आणि नाचणी-वरईला काहीच नाही, असे होण्याचा धोका आहे. मालदांडी निवडली गेली ती बाजारपेठेने पैसे दिले म्हणून नव्हे. देशपातळीवर आपला कृषी संशोधनाचा खर्च शेतीउत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आतच राहिला आहे. पट्टीने तिथे भर पडेल, अनुदानाची जागा ती घेऊ शकणार नाही. पट्टी आहे म्हणून अनुदान कापले, तर मात्र दोन्ही जातील.

जमिनीचाही प्रश्न आहे. पुण्यातल्या कृषी महाविद्यालयाच्या आणि गणेशखिंडीच्या जागा आता शहराच्या मधोमध आल्या आहेत. २०१९ साली मेट्रोच्या भुयाराचे यंत्र कृषी महाविद्यालयाच्या आवारातूनच जमिनीत उतरले. गणेशखिंडीच्या बागेला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, हे त्यातल्या त्यात बरे झाले. एक गुंठ्याचा भाव कोटीत असलेल्या जागेवर १९१ झाडे उभी ठेवायची आणि त्यांतली १९० निरुपयोगी ठरणार हे आधीच सांगायचे. हे पटवणे सोपे नाही.

आणि निकड तर आजची आहे. भगव्याच्या बागा वाढल्या तसा तेल्या वाढला. झँथोमोनास या जिवाणूमुळे फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि बाग बसते. शेकडो एकर एकाच जातीची, गुटीने वाढवलेली, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकाच झाडाच्या प्रती. एकीला जे लागते ते सर्वांना लागते. तेल्याला पुरते दाद न देणारी आणि बाजाराला पटणारी जात अजून हाती नाही. हिमालयाच्या उतारावर ‘दारू’ नावाचे रानटी, आंबटढाण डाळिंब वाढते. संकरासाठी संशोधकांनी ते हाताशी धरले आहे. सोलापूरला २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ साली ‘सोलापूर लाल’ ही लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असलेली जात दिली. तिच्या वंशावळीत एका बाजूला भगवा आहे, दुसऱ्या बाजूला गणेश, ‘नाना’ हे बुटके डाळिंब आणि हाच दारू. म्हणजे चीमांचे आळंदीचे झाड दोन्ही बाजूंनी आले.

पण तेल्याचे काम बाकीच आहे. वर्गात हे दुसरे उदाहरण म्हणून द्यावे. मऊ बी, गोडी आणि रंग यांना रोगप्रतिकाराचा चौथा गुण जोडा, तोही सोयीसाठी तसाच एका जनुकजोडीचा आणि अप्रभावी धरा. शक्यता २५६ मध्ये एक होते. शंभरांत पंचाण्णव वेळा एक झाड मिळावे म्हणून ७६६ झाडे लावावी लागतात. साडेतेरा चौरस मीटरच्या हिशेबाने जमीन अडीच एकरांहून थोडी अधिक. झाडांना दोन पिढ्यांची सहा वर्षे, म्हणजे सहा मार्चअखेर. ठिबक, मजुरी आणि एका माणसाचा पगार आपल्या तालुक्यातील चालू दराने मुलांनाच विचारून आणायला सांगावे आणि बेरीज करावी. त्या दिवशीचा मार्केट यार्डातला डाळिंबाचा भाव वर्तमानपत्रात मिळेल. ही बेरीज किती क्विंटल डाळिंबाची होते, ते काढता येईल.